तळाला बसलेला साका

मार्टिन रॉडबेल या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये चरबीच्या पेशी एकमेकींपासून सुट्या करण्याची रीत प्रसिद्ध केली. नर उंदराच्या वृषणाजवळची चरबीची गादी काढायची, तिचे बारीक तुकडे करायचे आणि ते कोलॅजिनेज या विकराच्या कोमट द्रावणात हलवत ठेवायचे. पेशींना बांधून ठेवणारे धागे विरघळले की नळी यंत्रात गरगर फिरवायची. ताक घुसळल्यावर लोणी वर यावे तशा तेलाने भरलेल्या मेदपेशी वर तरंगतात. उरलेले सगळे, म्हणजे केशवाहिन्यांचे तुकडे, रक्तपेशी आणि संयोजी ऊतीतल्या सडपातळ पेशी, तळाला साका होऊन बसते. इन्सुलिन आणि इतर संप्रेरकांचा मेदपेशीवर काय परिणाम होतो हे रॉडबेल यांना मोजायचे होते, त्यामुळे त्यांच्या कामाचे होते ते वरचे. त्या वरच्या थरावरच्या कामातूनच त्यांची वाट संप्रेरकाचा निरोप पेशीच्या आत कसा पोचतो या प्रश्नाकडे गेली, आणि १९९४ चे नोबेल पारितोषिक त्यांना आल्फ्रेड गिलमन यांच्याबरोबर मिळाले. साक्याला एक लांबलचक तांत्रिक नाव मिळाले आणि बहुतेक ठिकाणी तो नळीबरोबर धुऊन टाकला गेला. ज्या मूलपेशींपासून नवी चरबी घडते त्या याच साक्यात होत्या. संप्रेरके चरबीतल्या मूलपेशींना कशी चालवतात याबद्दलचे आपले ज्ञान ज्या क्रमाने आले, तो क्रम थोरामोठ्यांच्या कल्पनांपेक्षा प्रयोगशाळेतल्या अशा सवयींनी ठरवला, असे माझे म्हणणे आहे. जे हातात धरता आले तेच चरबी म्हणून मोजले गेले. उरलेल्याला वाट पाहावी लागली.

याउलट असे सर्रास सांगितले जाते की चरबीबद्दल विज्ञानाला मुळात तिटकाराच होता, म्हणून उशीर झाला. हे कारण सोपे आहे आणि अपुरे आहे. चरबी हा स्वतंत्र अवयव आहे, तिला स्वतःचा रक्तपुरवठा आहे, ती गर्भात ठरावीक जागीच उगवते, हे ऑस्ट्रियाचे शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल टोल्ट यांनी १८७० मध्येच मांडले होते. पेशीविभाजनाच्या अभ्यासामुळे पुढे गाजलेले जर्मनीचे वाल्टर फ्लेमिंग त्यांच्या विरोधात उभे राहिले. त्यांच्या मते चरबीला खास जन्मकुळी नाही, कुठलीही संयोजी पेशी तेल साठवू लागली की तिची मेदपेशी होते. आज ज्याला आपण मूलपेशींचा प्रश्न म्हणतो तो हाच, आणि तो दीडशे वर्षांपूर्वी दोन अव्वल निरीक्षकांनी नेमका विचारलेला होता. म्हणजे कल्पनेची वाण नव्हती आणि आस्थेचीही नव्हती. अडचण काचपट्टीवर होती. ऊतीचे पातळ काप घेण्यासाठी ती ज्या रसायनांतून जाई त्यांत तिचे तेल विरघळून जाई आणि सूक्ष्मदर्शकाखाली उरे ती पोकळ वर्तुळांची जाळी. त्या वर्तुळांच्या सांदीत बसलेली, अजून तेल न भरलेली पेशी शेजारच्या कुठल्याही तंतुपेशीसारखीच दिसे. तिच्यापासून उद्या चरबी होणार की त्वचेखालचा एखादा चिवट तंतू, हे तिच्या आकारावरून सांगण्याचा मार्गच नव्हता. त्यामुळे १९२६ मध्ये फ्रिट्झ वासरमान यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला तेव्हाही वाद जवळपास तिथेच होता.

कोंडी फुटली ती सूक्ष्मदर्शकाबाहेर. १९३१ मध्ये हॅरल्ड युरी यांनी जड हायड्रोजन शोधला. नाझी सत्तेमुळे १९३३ मध्ये जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आलेल्या रुडॉल्फ शोनहायमर यांनी डेव्हिड रिटनबर्ग यांच्यासह त्याचा उपयोग खूण म्हणून केला. खूण केलेली मेदाम्ले त्यांनी उंदरांना खाऊ घातली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे खाल्लेली चरबी ताबडतोब जळायला हवी होती आणि जास्तीची तेवढीच साठायला हवी होती. प्रत्यक्षात खाल्लेल्या मेदाम्लांपैकी बरीचशी आधी साठ्यात गेलेली आढळली, आणि साठ्यातला जुना माल सतत बाहेर पडत होता. वजन जैसे थे असले तरी आतला मेद रोज बदलत होता. जवळपास त्याच सुमारास हाले शहरातून जेरुसलेमला गेलेल्या अर्न्स्ट वेर्टहायमर यांनी चरबीच्या ऊतीचा चयापचय मज्जातंतू आणि संप्रेरके यांच्या हुकमतीखाली असतो हे दाखवण्यात वर्षे घालवली, आणि १९४८ मध्ये शापिरो यांच्याबरोबर त्या सगळ्याचा विस्तृत आढावा छापला. विज्ञानाचा इतिहास लिहिणारे निर्वासितांचे ऋण नेहमी अणुबॉम्बच्या संदर्भात मोजतात. चरबीच्या शास्त्राचा पायाही घरदार सोडून आलेल्या माणसांनीच घातला, हे सहसा कुणी नोंदवत नाही.

तर १९५० पर्यंत चरबी संप्रेरकांचे ऐकते हे पक्के झाले होते. पण ऐकते कोण? तेल भरलेली प्रौढ पेशी, की अजून जन्माला यायची पेशी? या प्रश्नावर साठच्या दशकात मोजणीची नवी रीत आली आणि तिने गोंधळ मिटवण्याऐवजी वेगळ्याच दिशेला नेला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जुल्स हर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या चरबीचा छोटा तुकडा ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये ठेवून पेशी कडक केल्या आणि त्या यंत्राने मोजल्या. लहानपणापासून स्थूल असलेल्या माणसांत मेदपेशींची संख्याच जास्त असते आणि वजन घटवल्यावर पेशी आक्रसतात, पण संख्या घटत नाही, असे त्यांना आढळले. निष्कर्ष मोलाचा होता आणि त्याचा गाभा आजही टिकून आहे. पण त्यातून पसरलेली समजूत, म्हणजे लहानपणी मेदपेशी घडतात आणि मग तो कारखाना बंद होतो, ही मात्र रीतीची देणगी होती. ऑस्मियम चिकटतो तेलाला. ज्या पेशीत अजून तेल नाही ती या मोजणीत जन्मालाच आलेली नसते. नव्या पेशी घडत असल्या तरी त्या भरेपर्यंत अदृश्य, आणि भरल्यावर जुन्यांत मिसळलेल्या.

इथे कुणी म्हणेल, आणि रास्तच म्हणेल, की साका सगळ्यांनीच टाकला नव्हता. कॅनडातले चार्ल्स हॉलनबर्ग आणि व्होस्ट यांनी १९६८ मध्ये उंदराच्या चरबीतल्या साक्याकडे मुद्दाम पाहिले होते. डीएनए घडवताना पेशी जो कच्चा माल वापरते त्याला किरणोत्सारी खूण केली की ती खूण प्रथम साक्यातल्या पेशींत दिसते आणि काही काळाने वर तरंगणाऱ्या मेदपेशींत. याचा अर्थ उघड होता, तळातली पेशीच वर येते. १९७६ मध्ये टोरांटोतल्या एका गटाने प्रौढ माणसाच्या चरबीच्या साक्यातून पेशी वाढवून त्यांत तेलाचे थेंब भरताना पाहिले. हा आक्षेप मी मान्य करतो, पण त्याने माझे म्हणणे कमजोर होत नाही, उलट बळकट होते. या मंडळींना साक्यात मेदाचे पूर्वज आहेत हे कळले, तरी त्या मिश्रणातला नेमका पूर्वज कोणता हे वेगळे काढता येत नव्हते. शंभर प्रकारच्या पेशींवर एकदम संप्रेरक ओतले तर उत्तर कुणी दिले हे कळणार कसे? म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी साक्याकडे पाठ फिरवली आणि जास्त आज्ञाधारक पेशी शोधली.

ती पेशी सापडली योगायोगाने. १९६३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात जॉर्ज टोडारो आणि हॉवर्ड ग्रीन यांनी उंदराच्या गर्भापासून ३टी३ नावाची, अखंड वाढत राहणारी पेशीमालिका तयार केली होती. सत्तरच्या दशकात एमआयटीत काम करताना ग्रीन यांच्या ध्यानात आले की बशी गच्च भरून पेशींची वाढ थांबली की त्यांतल्या काही आपसूक तेल साठवू लागतात. त्यांनी अशा पेशी निवडून वेगळी शाखा काढली. ३टी३-एल१ या नावाने ती आज जगभर आहे. पुढे इतरांनी तिच्यासाठी तीन औषधांचे मिश्रण बसवले: इन्सुलिन, कॉर्टिसोलसारखे काम करणारे डेक्सामेथासोन, आणि पेशीच्या आतला एक निरोप टिकवून धरणारे तिसरे रसायन. हे मिश्रण घातले की आठवडाभरात लांबट पेशी गोल होतात आणि तेलाने चकाकू लागतात. संप्रेरके पूर्वज पेशीचे भवितव्य ठरवतात याचा इतका लख्ख पुरावा यापूर्वी नव्हता. ग्रीन यांनी ऐंशीच्या दशकात आणखी एक पाऊल टाकले. वासराच्या रक्तद्रवात असे काय आहे की ज्यावाचून एका शाखेची चरबी होत नाही, हे शोधताना ते वृद्धी संप्रेरकापाशी पोचले आणि त्यांनी दुहेरी कारभाराचा सिद्धान्त मांडला. वृद्धी संप्रेरक पूर्वज पेशीला मार्गाला लावते, आणि मग इन्सुलिनसारखा दुसरा घटक त्या नव्या पेशींची संख्या वाढवतो.

सिद्धान्त देखणा होता, पण शरीराने त्याला साथ दिली नाही. वृद्धी संप्रेरक कमी असलेल्या माणसांत चरबी कमी असायला हवी होती. असते उलट, पोटावर ती जास्तच असते. माणसाच्या चरबीतून ताज्या काढलेल्या पूर्वज पेशींवर वृद्धी संप्रेरक घातले तर मेद बनण्याला अटकाव होतो. जर्मनीत हान्स हाउनर यांनी १९८९ मध्ये रक्तद्रव अजिबात न वापरता, घटक एकेक मोजून घातलेल्या माध्यमात मानवी पूर्वज पेशी वाढवल्या. या स्वच्छ मांडणीत कॉर्टिसोलच्या कुळातल्या संप्रेरकांचा जोर निर्विवाद दिसला. यावरून कुणी असे म्हणू लागले की बशीतले सगळे संशोधन फसवे होते, तर ते अतिरेकाचे होईल. ३टी३-एल१ ही गर्भातली, आधीच निम्मी वाट चाललेली पेशी. तिने पुढची निम्मी वाट खरीच दाखवली. तिला मूलपेशी समजणे ही चूक होती, आणि ती चूक पेशीची नव्हती.

पुढच्या निम्म्या वाटेवरचा सगळ्यात मोठा शोध १९९४ चा. ब्रूस स्पीगलमन आणि पीटर टोंटोनोझ यांनी पीपीएआर-गॅमा हे प्रथिन ओळखले. ते साध्या तंतुपेशीत जागे केले तरी तिची मेदपेशी होऊ लागते. पुढच्याच वर्षी एका औषध कंपनीच्या संशोधकांनी दाखवले की मधुमेहावरची ग्लिटाझोन कुळातली औषधे नेमकी याच प्रथिनाला बिलगतात. ही औषधे जपानमध्ये आधीच घडवली गेली होती. ती रक्तातली साखर उतरवतात एवढे माहीत होते, कशी ते नव्हते. उत्तर आले ते बुचकळ्यात टाकणारे: ही औषधे नव्या मेदपेशी घडवायला लावतात, त्यामुळे रुग्णाचे वजन थोडे वाढते आणि तरीही मधुमेह सुधारतो. चरबी म्हणजे दोष असे धरून चालणाऱ्याला हे पचणार नाही. पण लंडनच्या आर. डी. लॉरेन्स यांनी १९४६ मध्येच चरबी जवळपास नाहीशी झालेल्या आणि तीव्र मधुमेह जडलेल्या रुग्णाचे वर्णन केले होते. साठवायला जागा उरली नाही की मेद यकृतात आणि स्नायूंत शिरतो आणि तिथे इन्सुलिनचे काम अडते. या औषधांचा प्रवास पुढे खडतर झाला. ट्रॉग्लिटाझोन यकृताला घातक ठरल्याने अमेरिकेत २००० मध्ये मागे घेतले गेले. रोझिग्लिटाझोनवर भारतात २०१० मध्ये बंदी आली. पायोग्लिटाझोन जून २०१३ मध्ये केंद्र सरकारने थांबवले आणि डॉक्टरांच्या विरोधानंतर काही आठवड्यांत, पाकिटावर इशारा छापण्याच्या अटीवर, पुन्हा विक्रीला खुले केले. त्या वादात मूत्राशयाच्या कर्करोगाची चर्चा भरपूर झाली. भारतात लाखो लोक जी गोळी घेतात ती चरबीतल्या पूर्वज पेशींना कामाला लावते, हे मात्र क्वचितच कुणी सांगितले.

१९९४ हेच लेप्टिनचेही वर्ष. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये अतिलठ्ठ उंदीर जन्मले होते. तिथल्याच डग्लस कोलमन यांनी दोन उंदरांचे रक्ताभिसरण जोडून भूक आवरणारा कोणतातरी रक्तवाही घटक असला पाहिजे असे अनुमान काढले आणि जेफ्री फ्रीडमन यांनी त्याचे जनुक शोधले. तो घटक चरबीतूनच येत होता. ही कथा पुष्कळदा सांगितली गेली आहे, म्हणून ती इथे लांबवत नाही. माझ्या मुद्द्याला लागते ती एवढीच गोष्ट, की लेप्टिननंतर चरबी बोलते हे सगळ्यांना पटले, तरीही बोलणारी म्हणून पुन्हा वर तरंगणारी प्रौढ पेशीच पाहिली गेली. तिच्या पूर्वजांकडे त्याच फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेचे लक्ष जायला आणखी चौदा वर्षे लागली.

मधल्या काळात साक्याला अचानक भाव आला तो सौंदर्यशस्त्रक्रियेमुळे. पोट-मांड्यांतून चरबी शोषून काढण्याचा व्यवसाय फोफावला होता आणि दर शस्त्रक्रियेत लिटरच्या मापाने चरबी कचऱ्यात जात होती. पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या टाकाऊ चरबीच्या साक्यातून अशा पेशी वाढवल्या ज्या चरबीबरोबरच हाड, कूर्चा आणि स्नायू यांच्या दिशेनेही वळवता येत होत्या. मूलपेशी हा शब्द चरबीला चिकटला तो इथे. मग आले २००८. फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत मॅथ्यू रोडेहेफर यांनी पेशींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांच्या खुणा वापरून साका निवडून काढला आणि चरबीच नसलेल्या उंदरात त्यांतला एक छोटा गट टोचला. तिथे नवी चरबी उगवली आणि त्या उंदराचा मधुमेह हटला. त्याच वर्षी डॅलसमधल्या जोनाथन ग्राफ यांच्या गटाने अशा पूर्वज पेशींचे ठिकाण दाखवले: चरबीतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीत, म्हणजे रक्तातून येणारे संप्रेरक जिथे प्रथम पोचते तिथे. आणि त्याच वर्षी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत कर्स्टी स्पाल्डिंग यांनी माणसातला कारखाना बंद नसल्याचे सिद्ध केले. १९५५ ते १९६३ या काळातल्या उघड्यावरच्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ वाढला आणि चाचण्या थांबल्यावर उतरत गेला. पेशी जन्मते त्या वर्षीच्या हवेतल्या कार्बनचे प्रमाण तिच्या डीएनएत कायम राहते. त्यावरून निघाले की प्रौढ माणसाच्या मेदपेशींपैकी सुमारे १० टक्के दरवर्षी मरतात आणि तितक्याच नव्या जन्मतात. एकूण संख्या विशीनंतर जवळपास स्थिर राहते, आणि पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेने वजन बरेच उतरले तरीही ती घटत नाही. हर्श यांची संख्या बरोबर होती. त्या संख्येवरून पसरलेला अर्थ चुकला होता. स्थिर दिसणाऱ्या आकड्याखाली जन्ममृत्यू अखंड चालू होते, शोनहायमर यांनी तेलाबद्दल जे दाखवले होते तेच आता पेशींबद्दल.

नेमकी पेशी हाती आल्यावरच संप्रेरकांचा प्रश्न नीट विचारता आला, आणि तेव्हा जुन्या वैद्यकीय निरीक्षणांना अर्थ आला. हार्वी कुशिंग यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला विकार, म्हणजे धडावर चरबी आणि हातपाय बारीक, कॉर्टिसोलच्या अतिरेकाने होतो हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण रोज सकाळी प्रत्येकाच्याच शरीरात कॉर्टिसोल चढते. मग प्रत्येक जण लठ्ठ का होत नाही? स्टॅनफर्डमध्ये मेरी टेरुएल यांच्या गटाने २०१८ मध्ये याचे उत्तर दिले. संप्रेरक रोज चढले आणि पुरेसा वेळ उतरले तर पूर्वज पेशी त्याकडे दुर्लक्ष करते. उतारच मिळाला नाही, ते सलग चढलेले राहिले, तर पीपीएआर-गॅमा एका पातळीपलीकडे जाते आणि मग परतीचा रस्ता नसतो. म्हणजे प्रमाणाइतकीच वेळ निर्णायक. त्याच विद्यापीठात ब्रायन फेल्डमन यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले होते की प्रौढ मेदपेशी अ‍ॅडॅम्ट्स-१ नावाचे प्रथिन सोडून शेजारच्या पूर्वज पेशींना थोपवून धरतात, आणि कॉर्टिसोलसारखी संप्रेरके नेमका हा अडसर कमी करतात. वर तरंगणारी पेशी आणि तळाची पेशी यांच्यात संवाद असतो, आणि नळी फिरवून त्या वेगळ्या केल्या की तो तुटतो.

जागेचा प्रश्नही असाच. मार्सेचे झाँ वाग यांनी १९४७ मध्ये पुरुषी आणि बायकी चरबीचा फरक मांडला: कमरेवरची चरबी मधुमेहाकडे नेते, मांड्यांवरची बहुधा नेत नाही. पुढे टेस्टोस्टेरॉन काही मूलपेशींना चरबीऐवजी स्नायूकडे वळवते असेही दिसले. त्यामुळे असे वाटू लागले की पोटातल्या आणि मांडीतल्या मूलपेशींचे स्वभाव जन्मतःच वेगळे असणार. रोडेहेफर यांच्या गटाने २०१६ मध्ये एका जागेच्या पूर्वज पेशी दुसऱ्या जागी रोवल्या, तेव्हा त्या नव्या जागेच्या रीतीने वागल्या. स्वभाव पेशीचा कमी आणि परिसराचा जास्त निघाला. टोल्ट आणि फ्लेमिंग दोघेही अर्धे अर्धे बरोबर होते: चरबीला स्वतःची जन्मकुळी आहे, पण ती कुठे आणि केव्हा फळेल हे भोवतालच ठरवतो.

हे सगळे उंदरांचे आणि परदेशी प्रयोगशाळांचे पुराण झाले, असे म्हणणाऱ्याने पुण्याकडे पाहावे. केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांनी नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. बाळ सगळ्या बाजूंनी बारीक होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखली गेली होती. पुण्यातल्या आणि लंडनमधल्या बाळांच्या नाळेच्या रक्ताची तुलना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याच्या बाळांत वजन कमी असूनही इन्सुलिन जास्त होते. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचा बीएमआय २२.३, युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. कॅनडात स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांच्या त्वचेखालच्या मेदपेशी तिथल्या युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा आकाराने मोठ्या असतात, असे २०११ मध्ये आढळले. मोठी पेशी म्हणजे तुडुंब भरलेली पेशी. जिथे नव्या पेशी पुरेशा घडत नाहीत तिथे जुन्या फुगतात आणि जास्तीचा मेद यकृताकडे वळतो. आपल्याकडचा सडपातळ माणसाचा मधुमेह हा चरबी फार झाल्याचा नव्हे, तर योग्य जागी पुरेशा नव्या मेदपेशी न घडल्याचा विकार असावा, हा तर्क त्यामुळे दमदार ठरतो. तो अजून तर्कच आहे. पण वजनकाट्यावरचा आकडा आणि कमरेचा घेर एवढ्यावर मधुमेहाचा धोका जोखणे म्हणजे ऑस्मियमच्याच मोजणीत अडकून राहणे, इतके तरी या पुराव्याने दाखवले आहे.

शेवटी साक्याच्या बाजाराविषयी. जो एकेकाळी नळीतून धुतला जाई तो आता दवाखान्यांत तासाभरात काढून गुडघ्यात, चेहऱ्यात, नसेत टोचला जातो. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये दृष्टिपटलाच्या विकारावर उपचार म्हणून तीन स्त्रियांच्या डोळ्यांत तो टोचला गेला आणि त्यांची दृष्टी गेली, हे २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नोंदले गेले. क्रोन विकारातल्या भगंदरासाठी युरोपने २०१८ मध्ये चरबीतल्या पेशींचे एक औषध मान्य केले होते. मोठ्या चाचणीत ते टिकले नाही आणि २०२४ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले. मूलपेशी आजूबाजूच्या संप्रेरकांप्रमाणे आणि जागेप्रमाणे वागते, हे एवढ्या वर्षांनी कळल्यावर ती कुठेही टोचली तरी हवे तेच करील, ही अपेक्षा विज्ञानाला धरून नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे काही रक्तविकारांसाठीचे रक्तजनक पेशींचे रोपण सोडले, तर मूलपेशींचा इतर कुठलाही वापर मान्य उपचार नाही. तो फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत असावी लागते. चरबीतून काढलेल्या पेशींनी बरे करण्याचे आश्वासन कुणी दिले, तर त्याच्याकडे त्या नोंदीचा क्रमांक मागा, आणि क्रमांक नसेल तर पैसे देऊ नका.